बेवारस संदेशाची पातळी कोणी ठरवायची?

विश्रामबागेत राहणाऱ्या, सांगलीतच अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात आपला लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही, असे जाहीर केले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नलच्या संदेशांतून त्याने फक्त 'वॉर्निंग' श्रेणीतले गाळून घेतले होते आणि पडदा ओळींनी भरला होता. यंत्र मात्र ठणठणीत होते, कारण त्यांतल्या कित्येक ओळींवर इशाऱ्याचा शिक्का कोणी विचारपूर्वक मारलेलाच नव्हता.

हा कर्नल 'प्रिंटके' या फंक्शनद्वारे नोंदी करतो आणि प्रत्येक नोंदीला तिच्या गांभीर्याची पातळी सांगणारा ० ते ७ पैकी एक आकडा असतो: ० म्हणजे यंत्र निकामी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे निव्वळ माहिती. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीकरांना पाठ असते. कर्नलमध्ये मात्र क्रम उलटा असून आकडा जितका लहान, तितके संकट मोठे.

प्रोग्रामरने आकडा लिहिलाच नाही, तर कर्नल स्वतःहून ४ लावतो. त्यामुळे खरा इशारा आणि निष्काळजीपणे सोडलेली ओळ एकाच रांगेत येतात. चालू यंत्रात हा आकडा बदलता येतो: चालू कर्नलची माहिती आणि सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या 'प्रोक'मधल्या 'प्रिंटके' फाइलीत चार आकडे असतात, त्यांतला दुसरा हाच. विद्यार्थ्याने तेथे ४ चा ६ केला, पुन्हा गाळणी लावली, आणि जुन्या ओळी जशाच्या तशा उभ्या राहिल्या. पातळी ही संदेश बफरमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या साठ्यात, शिरतानाच त्याच्यासोबत साठवली जाते, नंतरचा बदल मागच्या नोंदींना लागू होत नाही. आणि यंत्र सुरू होतानाचे शेकडो संदेश तर ही फाइल हाताशी येण्याआधीच नोंदले गेलेले असतात. म्हणून निर्णय त्याही आधी, कर्नल कंपाइल करतानाच, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नल तयार करतानाच, व्हायला हवा. २०११ मधल्या २.६.३९ या आवृत्तीपासून तशी सोय आहे: कोडमध्ये कायमचा कोरलेला ४ काढून तेथे १ ते ७ पैकी निवडता येणारा पर्याय आला.

पडद्याला लिंबू-मिरची बांधलेले दुकान मी पाहिले आहे आणि 'एका क्लिकमध्ये सर्व वॉर्निंग साफ' म्हणणारी जाहिरातही; कारण न शोधता लक्षण झाकण्याची दोघांची रीत एकच. हा पर्यायही त्याच हेतूने वापरता येतो, कारण ६ निवडल्यास एखादी खरोखरच गंभीर पण बेवारस ओळ माहितीच्या ढिगात गाडली जाईल. न निवडल्यास आजही ४ च राहतो, हे मला योग्य वाटते. विद्यार्थ्याने फॉरमॅट तूर्त रद्द केला असून त्या ओळी कोणत्या ड्रायव्हरच्या, ते तो आता एकेक करून तपासतो आहे.