आपत्कालीन वैद्यकीय नोंदणी

महामारी, पूर, भूकंप किंवा युद्धाच्या काळात डॉक्टर, परिचारिका आणि अन्य आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदणीच्या नेहमीच्या अटी काही काळापुरत्या सैल करण्याची व्यवस्था. परवान्याचा धाक दाखवून सेवेला बोलावणे, ही तिची दुसरी बाजू.

भारतात डॉक्टरांची नोंदणी राज्यांच्या वैद्यक परिषदा करतात. महाराष्ट्रातील परिषद १९६५ च्या अधिनियमानुसार चालते. मिळालेला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही छापावा लागतो. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्याला देशभर व्यवसायाची मुभा १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यानेच दिली होती. तरी राज्य बदलताना जुन्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून नव्या परिषदेत नाव घालण्याचा रिवाज टिकून आहे. परिचारिकांचेही तेच. साथ मात्र अशा कागदांसाठी थांबत नाही.

ब्रिटनने यासाठी कायद्यातच सोय करून ठेवली होती. आणीबाणी जाहीर झाल्यावर तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलला तात्पुरती नोंदणी देता येते. मार्च २०२० मध्ये नुकत्याच व्यवसाय सोडलेल्या ११ हजारांहून अधिक डॉक्टरांची नावे अर्जाविना नोंदवहीत परत आली. नको असेल त्याला नाव काढून घेता येत होते. त्याच महिन्यात इटलीने वैद्यकीय पदवीनंतर व्यवसायासाठी द्यावी लागणारी सरकारी परीक्षाच रद्द केली. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर, परराज्यांतील स्वयंसेवक डॉक्टरांसाठी २००६ मध्ये नमुना कायदा तयार झाला. तो स्वीकारायचा की नाही, हे तिथे प्रत्येक राज्य ठरवते.

भारताने नोंदवहीला फारसा हात लावला नाही. वाट काढली ती देखरेखीची. ३ मे २०२१ च्या केंद्राच्या निर्णयानुसार इंटर्न प्राध्यापकांच्या हाताखाली कोविड कामाला लागले. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याची आणि फोनवरून सल्ला देण्याची परवानगी मिळाली, तीही वरिष्ठांच्या देखरेखीखालीच. १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य जाहीर झाले. म्हणजे काम दिले, पण स्वतःचा क्रमांक दिला नाही. चूक झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यामुळे बराचसा वरिष्ठांच्या गळ्यात पडला.

सक्तीची बाजू मुंबईने मे २०२० मध्ये पाहिली. खासगी डॉक्टरांनी किमान १५ दिवस कोविड सेवा द्यावी, अन्यथा कारवाई, असा आदेश निघाला. ५५ वर्षांवरील आजारी डॉक्टरांना त्यातून सूट होती. आधार होता साथरोग कायद्याचा. हा कायदा १८९७ मध्ये मुंबईच्याच प्लेगमुळे झालेला. आदेशाच्या पुढच्याच महिन्यात मुंबईतील सेव्हनहिल्स रुग्णालयात केरळहून डॉक्टर आणि परिचारिकांची तुकडी मदतीला आली.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला देशातील कोणत्याही भागातल्या रुग्णाला दूरवरून सल्ला देता येईल, हे स्पष्ट केले. टाळेबंदीतली ही सवलत नंतर मागे घेतली गेली नाही. फोनवर पाठवलेल्या चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक मात्र लागतोच.