पेटीतलं अॅप आणि तीन मशीनचा कोरम

सर्व्हर वर्षाचे 99.9 टक्के चालू राहील, असं होस्टिंगवाला सांगतो तेव्हा उरलेल्या 0.1 टक्क्याचे पावणेनऊ तास होतात. बारमाही दुकानाला ते चालून जातील. दापोलीपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात जे बागायतदार थेट गिऱ्हाइकाला आंबा पाठवतात, त्यांचं वर्ष मात्र मार्च ते मे एवढंच. त्यातही अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा सगळ्यात धावपळीचा. ते पावणेनऊ तास जुलैत गेले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. तृतीयेच्या आदल्या दिवशी गेले, तर तयार झालेला माल आढीतच राहतो.

असंच एक बुकिंगचं अॅप मी सांभाळतो. ते बंद पडू नये म्हणून काय करावं, असं कुणालाही विचारलं तर हल्ली एकच उत्तर मिळतं: कंटेनरमध्ये (लागणारं सगळं आत भरलेल्या सॉफ्टवेअरच्या पेटीत) टाका आणि कुबरनेटीसवर (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर) चढवा. उत्तर चुकीचं नाही. पण त्यात दोन वेगळे इतिहास एकत्र बांधलेले आहेत, आणि ते सुटे करून पाहिले नाहीत तर फसायला होतं.

पहिला इतिहास पेटीचा. पेटी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पेंढ्यात फळ बसवून पेटी एकदा ठोकली की टेम्पोवाला, हमाल, वाशीचा दलाल, कुणालाच वाटेत ती उघडावी लागत नाही. माल्कम मॅक्लीननं 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल-एक्स’ जहाजातून नेवार्कहून ह्यूस्टनला 58 कंटेनर नेले, त्यामागेही हाच विचार होता. 1989 पासून न्हावा शेव्याच्या क्रेनना तो रोज लटकलेला दिसतो.

सॉफ्टवेअरमधली पेटी एका दिवसात झाली नाही. 1979 च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘सीएचरूट’ आलं. प्रोग्रॅमभोवती गडगा घातला, पण तो फक्त फाईलींपुरता. 2000 मध्ये युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीच्या ‘जेल’नं नेटवर्क आणि युजरही गडग्याच्या आत घेतले. 2005 मध्ये त्याच घराण्यातल्या सोलारिसचे ‘झोन’ आले. लिनक्समध्ये हे काम दोन वाटांनी झालं: कुणाला काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतं आणि कुणाला किती मिळावं हे सीग्रुप ठरवतो. सीग्रुपचं काम गूगलच्या इंजिनिअरांनी 2006 मध्ये सुरू केलं आणि जानेवारी 2008 मध्ये ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, गेलं. म्हणजे मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्सनं पायकॉन या प्रोग्रॅमरांच्या परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं, तेव्हा गडगे तयारच होते. डॉकरनं दिली ती इमेज, म्हणजे लागणारं सगळं आत भरून ठोकलेली, कुठल्याही मशीनवर तशीच उघडणारी पेटी. ‘माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही’ हा रोजचा वाद तिनं बराचसा मिटवला.

पण टेम्पो उलटला तर पेटी काय करणार?

सुरुवातीला आम्ही एकाच मशीनवर अॅपचे दोन कंटेनर चालवायचो आणि पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं काम दोघांत वाटून देणारा, ठेवला होता. एक पडला तर दुसरा आहे, असं समाधान होतं. मशीन दापोलीत ऑफिसच्या मागच्या खोलीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. आमचे दोन्ही कंटेनर एकाच क्षणी गेले. हंगाम संपत आला होता, पण बागायतदारांचा सगळा हिशेब त्याच मशीनच्या डिस्कवर होता. घामाचे पैसे किती यायचे आहेत हे विचारायला माणसं दारात उभी, आणि आमच्याकडे द्यायला आकडा नव्हता.

बंद न पडण्याचा इतिहास पेटीपेक्षा वेगळा आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या टँडम कंपनीनं 1976 मध्ये ‘नॉनस्टॉप’ मशीन विकायला काढली, ती मुख्यतः बँकांसारख्या गिऱ्हाइकांसाठी. प्रोसेसरपासून वीजपुरवठ्यापर्यंत सगळं जोडीनं. मुख्य प्रोसेस आपली स्थिती राखीव प्रोसेसला कळवत राहायची, म्हणजे पहिली पडली की दुसरी तिथून पुढे चालू. यामागचा हिशेब सोपा आहे. 99 टक्के चालणारी दोन मशीन असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता 0.01 टक्का. मात्र दोघांची पडण्याची कारणं स्वतंत्र असतील तरच. वादळ आलं की दोघांचं कारण एकच होतं. अॅमेझॉननं 2008 मध्ये ‘अव्हेलेबिलिटी झोन’ दिले ते याचसाठी: इमारत वेगळी, वीज वेगळी, नेटवर्क वेगळं. मुंबईत त्यांची सेवा जून 2016 मध्ये आली. म्हणजे किनाऱ्यावरच्या एका खोलीवर अवलंबून राहायचं कारण निसर्गच्या चार वर्षं आधीच संपलं होतं. आम्ही ते लक्षातच घेतलं नव्हतं.

मशीन लांब ठेवली की दुसरं संकट उभं राहतं. मधली केबल तुटली, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात जेसीबीच्या दातानं ती किती वेळा तुटली हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तर दोन्ही मशीन जिवंत असूनही प्रत्येकीला वाटतं की दुसरी गेली. दोघी बुकिंग घेत राहतात आणि एकच पेटी दोघांना विकली जाते. यावर उपाय म्हणून मशीनचं एकमत घडवणारा लेस्ली लॅम्पोर्टचा ‘पॅक्सॉस’ हा अल्गोरिदम 1998 मध्ये छापून आला, पण तो समजायला अवघड होता. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी 2014 मध्ये ‘राफ्ट’ मांडला तोच मुळी समजायला सोपा असावा म्हणून. ग्रामसभेला गेलेल्याला तो लगेच कळतो: कोरम असेल तरच ठराव. तीन मशीनमध्ये दोघींचं एकमत लागतं, म्हणून एक पडली तरी कारभार चालतो. चार घेऊनही एकच पडलेली चालते, म्हणून चौथीचा खर्च वाया. दोनच असतील तर एक पडताच कोरम मोडतो.

कुबरनेटीसची सगळी नोंदवही ‘एटसीडी’मध्ये असते आणि एटसीडी राफ्टवर चालतं. जून 2014 मध्ये गूगलनं कुबरनेटीस खुलं केलं, जुलै 2015 मध्ये 1.0 आलं. मागे गूगलच्या ‘बोर्ग’ या आतल्या प्रणालीचा अनेक वर्षांचा अनुभव होता. कुबरनेटीस या नावाचा ग्रीक अर्थ सुकाणू धरणारा, आपल्याकडचा तांडेल. तीन प्रती हव्यात असं सांगून ठेवलं की दोनच दिसल्यावर तो तिसरी उभी करतो. पण लगेच नाही. मशीन गप्प झाली की ती गेली हे ठरवायला पाऊण-एक मिनिट, आणि मूळ सेटिंगनुसार तिच्यावरचे पॉड, म्हणजे कंटेनरचे गट, हलवायला आणखी पाच मिनिटं. एकच प्रत ठेवणाऱ्याचं अॅप तेवढा वेळ अंधारात. म्हणून प्रती आधीपासून जास्त हव्यात आणि त्या वेगवेगळ्या मशीनवर विखुरलेल्या हव्यात, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं.

खरी जोखीम डेटाबेसची, आणि तिथे तांडेलाचं फारसं चालत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य मशीनवरच्या नोंदी राखीव प्रतीकडे सतत पाठवत राहणं, 2010 मध्ये आलं. राखीव प्रतीची वाट न पाहता नोंद पक्की केली, तर मुख्य मशीन पडताना शेवटची काही बुकिंग बुडू शकतात. वाट पाहिली, तर राखीव प्रत बंद असताना बुकिंगच अडतं. 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून मधला मार्ग आहे: दोन राखीव प्रतींपैकी कोणत्याही एकीनं ‘मिळालं’ म्हटलं की नोंद पक्की. पैशांच्या नोंदींसाठी आम्ही तोच धरला आहे.

दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बुकिंग नुकतंच उघडलेलं असताना, आम्ही भर दिवसा एक मशीन मुद्दाम बंद करतो. दोघं जण फोनवरून बुकिंग करत राहतात. कुठली नोंद अडकली, कुठली दोनदा झाली, हे तिसरा वहीत लिहितो, वेळेसकट.