पाच सीटर इको का इको कार्गो? धंद्यासाठी व्हॅन घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

किराणा, बेकरी, दूध, केटरिंग, फिटिंगची कामं, असला कुठलाही धंदा असलेला माणूस छोटी व्हॅन घ्यायला निघाला की आपल्याकडे फिरून फिरून मारुती इकोवरच येतो. आणि मग पाच सीटर घ्यायची का कार्गो (मागे सीट नसलेली, मालासाठीची) इथे घोळ सुरू होतो, कारण बॉडी तीच, इंजिनही तेच, 1197 सीसीचं के सिरीज, नोव्हेंबर 2022 पासून दोन्हीत आलेलं, पेट्रोलवर ताकद जवळपास 81 पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) आणि सीएनजीवर 72 च्या आसपास. त्यामुळे बरेच जण म्हणतात पाच सीटर घेऊ, मागची सीट काढून ठेवू, सोमवार ते शनिवार माल आणि रविवारी घरच्यांना घेऊन जेजुरीला, शिवाय पांढरी पाटी, म्हणजे खाजगी नोंदणी, म्हणून आरटीओची कटकट नाही. हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते.

आधी कागदाचं बघू, कारण खरा फरक तिथेच आहे. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मालवाहू गाडीची व्याख्या अशी आहे की गाडी मालासाठी बनवलेली नसली तरी माल वाहायला वापरली तर तीही मालवाहूच. घरचं सामान, बॅगा वगैरे यात येत नाही, पण दुकानाला रोज पोचवायचे पावाचे ट्रे म्हणजे घरचं सामान नाही. त्यात सीट कायमची काढली की आरसीवर पाच सीट आणि गाडीत दोन, म्हणजे परवानगी न घेता केलेला बदल. रोजच्या रस्त्यावर कोणी विचारत नाही हे खरं, पण अपघात झाला, समोरचा जखमी झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की तो हेच पहिलं विचारतो. खाजगी पॉलिसी आणि आत गच्च भरलेला माल असं दिसलं की क्लेम अडकतो.

आता इन्शुरन्सचा आकडा, ज्याला घाबरून लोक कार्गो सोडतात. 2022 च्या थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) दरांप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी कारला वर्षाला 3,416 रुपये आणि 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला 16,049. फरक 12,633, तो पण दरवर्षी. ऐकायला जड वाटतो, मान्य. पण तुमचा जीएसटी नंबर असेल आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराची योजना, त्यात क्रेडिट मिळत नाही) नसाल तर पुढचं नीट वाचा, कारण शोरूममध्ये हे सहसा कोणी सांगत नाही. 13 सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या पुढच्या जीएसटीतून वळता करून घेणं, साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही, गाडी धंद्यालाच वापरली तरी नाही. मालवाहू गाडीवर मिळतं. सप्टेंबर 2025 पासून दर 18 टक्के आहे, म्हणजे शोरूम किंमत समजा 5 लाख धरली तर त्यातले साधारण 76 हजार जीएसटीचे, ते कार्गोवाल्याला क्रेडिटमध्ये परत, पाच सीटरवाल्याचे गेले. भागाकार करा, इन्शुरन्सचा सहा वर्षांचा फरक तिथेच निघाला! जीएसटी नंबर नसलेल्याला मात्र हा फायदा नाही, त्याला प्रीमियमचा भार खिशातूनच सोसायचा आहे.

परमिटची भीती तर अगदीच फुकटची आहे. मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्यानेच परमिटमधून सूट आहे आणि इको त्याच्या खूप खाली बसते. लायसन्सचंही तेच, साधं एलएमव्ही (हलक्या मोटार गाडीचं) लायसन्स 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला चालतं, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही तेच सांगितलं. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, मात्र आहे, नव्या कार्गोला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, आणि महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर पण लागतो जो खाजगी गाडीला 15 वर्षांनी लागतो. शिवाय कार्गोला ताशी 80 किलोमीटरचा स्पीड लिमिटर, पण गावात माल टाकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. (पिवळ्या पाटीची इको टूर व्ही बघून गोंधळू नका, ती टॅक्सी आहे, मालाची नाही.)

बिघाडाच्या बाबतीत दोघींची मूळ दुखणी सारखीच. इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे, त्यामुळे कूलंटचे पाइप लांब, एखादा कुठेतरी झिरपायला लागला तर ड्रायव्हरला दिसतच नाही, सीट वर करून कोण बघतं रोज. तापमानाचा दिवा लागल्यावर पण "एवढी खेप टाकून येतो" म्हणणारा माणूस हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) घालवतो, आणि मग हेड उतरवण्याचं बिल वर्षभराच्या सर्व्हिसिंगपेक्षा मोठं होतं. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, एवढं तरी कराच. सीएनजीवाल्यांनी स्पार्क प्लग आणि एअर फिल्टरची टाळाटाळ करू नये, पिकअप गेली, गाडी धक्के मारते अशा निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, आणि टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवावं. ताकद मागच्या चाकांना जाते म्हणून खाली लांब प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा) आहे, गिअर टाकताना खालून कट असा आवाज आला तर त्याचे क्रॉस (दांड्याच्या टोकाचे सांधे) बघून घ्यावेत, क्लच प्लेटच्या मागे लागण्याआधी.

फरक पडतो तो लोडमुळे. कार्गोला मागे सपाट फ्लोअर आणि ड्रायव्हरच्या पाठीशी पार्टिशन आहे, पाच सीटरला यातलं काही नाही, सीटच्या बोल्टची भोकं आणि वर कार्पेट. त्याच्यावर क्रेट ठेवले की जोरात ब्रेक मारल्यावर सगळं पुढे ड्रायव्हरच्या मानेवर येतं. सीएनजी पाच सीटरमध्ये सिलिंडर मागच्या सीटच्या मागे असतो, म्हणजे जागा आधीच खाल्लेली, मग माल छतापर्यंत रचतात आणि ती लादलेली गाडी वळणावर कशी डुलते ते खंबाटकी घाटात बघा. दुधाची, मासळीची गाडी असेल तर कार्पेटखाली पाणी मुरतं आणि पत्रा आतून गंजतो, कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर फार लवकर, वरून गाडी चकाचक.

म्हणून सेकंडहँड पांढऱ्या पाटीची इको घेताना किलोमीटरवर जाऊ नका. कार्पेट उचला, बोल्टची भोकं झिजून मोठी झालीयेत का, मागच्या दाराला आतून क्रेटचे ओरखडे आहेत का, मागचे टायर कसे झिजलेत ते बघा, गाडी कुठे राबलीये ते कळतं. कार्गो घेत असाल तर पासिंगची तारीख आणि थकलेली चलानं. आणि दोन्हीत दोन गोष्टी विसरू नका: सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख त्याच्या प्लेटवर असते. दुसरं म्हणजे 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 मध्ये बनलेल्या इको आणि एस-प्रेसो मिळून 87,599 गाड्या कंपनीने 2023 मध्ये स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी (चाकं वळवणारा दांडा) परत बोलावल्या होत्या, त्यात आपली आहे का ते चासी नंबर टाकून बघा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, काम फुकट होतं.

घरच्यांसाठी गाडी हवी आणि कधीतरी चार खोकी टाकायची एवढंच असेल तर पाच सीटर बिनधास्त घ्या, चांगली गाडी आहे. रोज माल जाणार असेल तर कार्गोच, आणि रविवारी देवाला जायला त्या दिवसापुरती भाड्याने गाडी करा.