डी हॅव्हिलँड कॅनडा

कॅनडातील विमाननिर्मिती कंपनी. स्थापना १९२८, टोरांटो. अगदी आखूड धावपट्टीवरून, तळ्यातून किंवा बर्फावरून उडू शकणारी विमाने ही तिची ओळख. सुरुवात मात्र जोडणीच्या कारखान्यापासून झाली. ब्रिटनमधील डी हॅव्हिलँड कंपनीच्या ‘मॉथ’ विमानांना कॅनडात मागणी होती. तिकडून येणारी ही विमाने जोडायची आणि दुरुस्त करायची, एवढ्यासाठीच ही शाखा काढली होती. १९२९ मध्ये ती शहराच्या उत्तरेला डाऊन्सव्ह्यू येथे गेली आणि पुढची नव्वद वर्षे तिचे मुख्य काम तिथेच चालले.

दुसऱ्या महायुद्धाने या शाखेला खरा कारखाना बनवले. राष्ट्रकुलातील वैमानिकांचे प्रशिक्षण कॅनडात होऊ लागले आणि त्यासाठी ‘टायगर मॉथ’ मोठ्या संख्येने बांधली गेली. १९४२ पासून ‘मॉस्किटो’ हे लाकडी युद्धविमान तयार होऊ लागले. अशी ११०० हून अधिक विमाने डाऊन्सव्ह्यूतून बाहेर पडली. त्यांचा आराखडा ब्रिटिशच होता. स्वतःच्या आराखड्याचे पहिले विमान ‘चिपमंक’ १९४६ मध्ये उडाले. पोलंडहून आलेले अभियंते याकिमिउक यांनी ते आखले होते.

कंपनीला तिचा मार्ग सापडला तो पुढच्या विमानाने. रस्ते नसलेल्या उत्तरेकडील जंगलांत माणसे, टपाल आणि इंधन पोहोचवणाऱ्या ‘बुश पायलट’ मंडळींनाच कंपनीने विचारले, की विमान कसे हवे? वेगाचा आग्रह फारसा कोणी धरला नाही. ताकद हवी, थोड्या जागेत उतरता आणि उडता आले पाहिजे, हीच मागणी पुन्हा पुन्हा आली. त्यातून ‘बीव्हर’ घडले. पहिले उड्डाण १६ ऑगस्ट १९४७ रोजी झाले. बांधणी धातूची, पंख वरच्या बाजूला. चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे फ्लोट किंवा बर्फावर घसरणाऱ्या स्की बसवता येत. दोन्ही बाजूंची दारे इतकी रुंद, की इंधनाचे पिंप थेट आत लोटता यावे. इंजिनात तेल उडत्या विमानात आत बसूनच भरता येई. कडाक्याच्या थंडीत ही सोय किती मोलाची, हे तिथला वैमानिकच जाणे. १९६७ पर्यंत सुमारे १७०० बीव्हर बनली आणि त्यांतली शेकडो अमेरिकी सैन्याने घेतली. कॅनडाच्या विमान-अभियांत्रिकीचे सर्वांत शहाणे काम कोणते, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते हेच विमान आहे.

पुढच्या ‘ऑटर’, ‘कॅरिबू’, ‘बफेलो’ या विमानांची नावेही बीव्हरप्रमाणे कॅनडाच्या प्राण्यांचीच. ऑटर आणि कॅरिबू भारतीय वायुसेनेतही होती. १९६५ मध्ये उडालेले दोन टर्बोप्रॉप (पंखा फिरवणाऱ्या टर्बाइन) इंजिनांचे ‘ट्विन ऑटर’ जगभर दुर्गम बेटांना आणि डोंगरी वस्त्यांना सेवा देत राहिले. चार इंजिनांच्या ‘डॅश ७’ला मर्यादित यश मिळाले, पण १९८३ मध्ये प्रथम उडालेले ‘डॅश ८’ लहान शहरांच्या प्रवासी सेवेत स्थिरावले. त्याच मालिकेतील क्यू-४०० विमाने भारतात स्पाइसजेटने वापरली.

कारखाना एकाच जागी राहिला, मालक मात्र बदलत गेले. १९७४ मध्ये कॅनडा सरकारने तो विकत घेतला, १९८६ मध्ये बोइंगला विकला आणि १९९२ मध्ये तो बॉम्बार्डियर या कॅनेडियन कंपनीकडे गेला. जुन्या विमानांचे हक्क २००६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील व्हायकिंग एअरने घेतले. या छोट्या कंपनीने १९८८ मध्ये बंद पडलेले ट्विन ऑटरचे उत्पादन पुन्हा सुरू केले. सुटे भाग व्हिक्टोरियाजवळ आणि अंतिम जोडणी कॅल्गरीत, अशी विभागणी तिने केली. व्हायकिंगच्याच मालकगटाने २०१९ मध्ये डॅश ८ चा कारभार घेतला आणि कंपनीला ‘डी हॅव्हिलँड कॅनडा’ हे जुने नाव परत दिले. पण डाऊन्सव्ह्यूची जमीन बॉम्बार्डियरने त्याआधीच विकली होती. २०२१ मध्ये तिथली डॅश ८ ची जोडणी थांबली. २०२२ मध्ये कंपनीने कॅल्गरीच्या पूर्वेला, अल्बर्टातील व्हीटलँड परगण्यात नव्या कारखान्याची आणि धावपट्टीची योजना जाहीर केली. वणवे विझवणारे ‘डीएचसी-५१५’ हे विमानही तिने त्याच वर्षी हाती घेतले.