गाडी सुरू असताना वीज देतं कोण?

दिवे, वायपर, एसीचा पंखा हे सगळं बॅटरीवर चालतं असं बहुतेकांना वाटतं. इंजिन बंद असताना ते खरंही आहे. पण इंजिन सुरू झालं की वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र, पुरवतो आणि बॅटरी स्वतःच त्याच्याकडून वीज घेऊ लागते.

ही अदलाबदल आपोआप होते. दोघंही एकाच तारांना जोडलेले असतात आणि ज्याचं व्होल्टेज जास्त, त्याच्याकडून वीज वाहते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, अल्टरनेटर १४ च्या आसपास.

सेल्फ मारताना बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर खेचले जातात. आकडा मोठा, पण वेळ अगदी थोडा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २०० अँपिअर एक सेकंद घेतले, तर साठ्याचा सहाशेवा भागही खर्च होत नाही. बॅटरी खरी उतरते ती इंजिन बंद असताना हेडलाइट चालू राहिल्यावर: ५५ वॉटचे दोन बल्ब नऊ-एक अँपिअर घेतात, म्हणजे चार तासांत खेळ संपतो.

अल्टरनेटर पट्ट्याने इंजिनला जोडलेला असतो. आतल्या फिरत्या वेटोळ्याला थोडा प्रवाह दिला की ते चुंबक बनतं आणि भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ती उलटसुलट वाहणारी, एसी (अल्टरनेटिंग करंट). बॅटरीला एकाच दिशेची लागते, म्हणून ती डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, सरळ केली जाते. सिलिकॉनचे डायोड आल्यावरच हे परवडू लागलं. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी (जुन्या गाड्यांतलं वीज बनवणारं यंत्र) अल्टरनेटर बसवला. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असतानाही तो डायनामोपेक्षा बरीच जास्त वीज देतो.

इंजिनाचा वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांवरून ५,००० वर गेला, तरी व्होल्टेज जवळजवळ हलत नाही. रेग्युलेटर त्या फिरत्या वेटोळ्याचा प्रवाह कमी-जास्त करत राहतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की हा पहिला प्रवाह बॅटरीच देते. ती ठार उतरलेली असेल, तर धक्का मारूनही अनेकदा अल्टरनेटर जागा होत नाही.

म्हणूनच ‘अल्टरनेटर चालतोय का’ हे बघायला सुरू गाडीत बॅटरीची वायर काढणं अतिशय घातक. बॅटरी व्होल्टेजचे झटके पचवत असते. ती अचानक सुटली, तर वेटोळ्यातलं चुंबकत्व लगेच ओसरत नाही, व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जळू शकतो. तपासायचंच असेल तर इंजिन सुरू ठेवून बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा, १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, की चार्जिंग होतंय.