मानवी हक्क रक्षक

स्वतःच्या किंवा इतरांच्या मानवी हक्कांसाठी शांततेच्या मार्गाने झटणारी कोणतीही व्यक्ती वा गट. त्यासाठी पदवी, पद किंवा संस्थेचे सदस्यत्व लागत नाही. वकील आणि पत्रकार यात येतात, तशी ठरलेली मजुरी मागायला उभी राहिलेली शेतमजूर बाईही येते. हिंसेचा आधार घेणारा मात्र या व्याख्येत बसत नाही.

ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीचे उदाहरण बोलके आहे. लग्नासाठी आदिवासी तरुण मालकाकडून कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही त्याच्या शेतावर राबत. अशा मजुराला ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, मजुराच्या डोक्यावरचे कर्जही रद्द ठरले. पण हे पाड्यावर जाऊन सांगायचे कुणी? विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने हे काम अंगावर घेतले. वेठबिगार हुडकणे, त्यांची बाजू सरकारदरबारी मांडणे आणि सुटकेनंतर त्यांच्या पाठीशी राहणे, असे ते चिकाटीचे काम होते. १९९९ मध्ये पंडित दांपत्याला आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला.

दुखावलेले हितसंबंध जितके बलाढ्य, तितका रक्षकाच्या जिवाला धोका अधिक. दहशतवादाच्या खटल्यांतील आरोपींची बाजू मांडणारे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. होंडुरासमध्ये लेंका आदिवासींच्या नदीवरील धरणाला विरोध करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांना २ मार्च २०१६ रोजी राहत्या घरात मारण्यात आले. अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाने त्यांना संरक्षण देण्यास सरकारला आधीच बजावले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी रक्षकांविषयीचा जाहीरनामा संमत केला. हक्कांसाठी एकट्याने वा संघटितपणे झटणे हाच एक हक्क असल्याचे त्यात मान्य झाले आणि रक्षकांना संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली गेली. मात्र तो करार नसल्याने कायद्याने बंधनकारक नाही. ही त्याची मोठी उणीव होय. २००० मध्ये या विषयासाठी खास प्रतिनिधी नेमला जाऊ लागला. पाकिस्तानी वकील हिना जिलानी या पहिल्या प्रतिनिधी. पर्यावरणासाठी लढणाऱ्या रक्षकांच्या संरक्षणाची बंधनकारक तरतूद लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांच्या एस्काझू करारात आहे. तो २२ एप्रिल २०२१ रोजी अमलात आला.