परराज्यातली कंपनी, सबपीना आणि ‘फॉरेन’ शब्दाचा गुंता

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या कायद्यात ‘फॉरेन कॉर्पोरेशन’ हे शब्द आले, की ती कंपनी जपानची किंवा जर्मनीची असेल असे समजायचे नसते. व्हर्जिनियाच्या लेखी शेजारच्या मेरीलँडमध्ये स्थापन झालेली कंपनीही फॉरेनच. खरोखर देशाबाहेरच्या कंपनीला काही राज्यांच्या विमा कायद्यात ‘एलियन’ असा वेगळा शब्द आहे. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी वकिलांसाठी कागदपत्रे वाचणाऱ्या नव्या मुलामुलींना हा शब्द सुरुवातीलाच अडतो. मग ‘फॉरेन सबपीना’ समोर येतो. सबपीना म्हणजे साक्ष द्यायला किंवा कागद हजर करायला सांगणारा हुकूम, आणि फॉरेन सबपीना म्हणजे दुसऱ्या राज्याच्या कोर्टाचा सबपीना. तो ‘डोमेस्टिकेट’ करायचा असतो, म्हणजे कागद जिथे आहेत तिथल्या कोर्टाकडून त्याला स्थानिक रूप मिळवायचे असते. जी कंपनी परराज्यातली आहे आणि खटल्यात पक्षकारही नाही, तिच्याकडून पुरावा मिळवण्याची वाट इतकी वळणावळणाची का, हे समजून घ्यायला या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

कंपनी ज्या राज्याच्या कायद्याने जन्मते तेच तिचे घर, ती दुसऱ्या सार्वभौम सत्तेच्या हद्दीत राहायला जाऊ शकत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३९ मध्ये म्हटले. दुसऱ्या राज्यात ती व्यवहार करते तो त्या राज्याच्या संमतीने. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या विमा कंपन्यांच्या व्हर्जिनियातल्या एका प्रतिनिधीचा खटला याच न्यायालयापुढे आला. परवाना नसताना विमा विकल्याबद्दल त्याला दोषी धरले होते. कंपनी म्हणजे घटनेने अभिप्रेत असलेली नागरिक नव्हे, त्यामुळे परराज्यातल्या कंपनीला आत घेताना राज्य अटी घालू शकते, असा निकाल लागला. पुढे या अटींमधली एक जवळजवळ प्रत्येक राज्यात रुजली: राज्यात एक ‘रजिस्टर्ड एजंट’ नेमायचा. कोर्टाचा कागद स्वीकारायला एक माणूस, एक पत्ता. कंपनीवर दावा लावणाऱ्याची सोय व्हावी म्हणून आलेला हा एजंट सव्वाशे-दीडशे वर्षांनी सबपीनाच्या भांडणात मध्यभागी येऊन उभा राहिला.

दुसरा धागा अंतराचा. १७९३ च्या संघीय कायद्याने साक्षीदाराला जिल्ह्याबाहेर बोलावण्याची मुभा दिली, पण दिवाणी दाव्यात तो कोर्टापासून १०० मैलांपलीकडे राहणारा नसावा असे बंधन घातले. घोड्याच्या आणि बग्गीच्या काळातला हा आकडा संघीय दिवाणी नियमांच्या पंचेचाळिसाव्या नियमात आजही आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही साक्षीदाराला प्रत्यक्ष हजर करण्यावर १०० किलोमीटरची आणि रेल्वेसारखी वाहतूक असेल तर ५०० किलोमीटरची मर्यादा आहे. फरक एवढाच की आपल्याकडे संहिता देशभर एक आहे. अमेरिकेत पन्नास राज्यांची पन्नास कोर्टे, पन्नास नियम, आणि त्यांच्या शेजारी संघीय कोर्टांची वेगळी उतरंड.

सबपीना सत्ताधाऱ्यालाही लागू होतो, हे १८०७ मध्ये रिचमंडला एका माजी उपराष्ट्राध्यक्षावरच्या देशद्रोहाच्या खटल्यात ठरले. कागद हजर करण्याचा हुकूम तेव्हा थेट राष्ट्राध्यक्षांच्या नावे निघाला. कंपन्यांच्या बाबतीत १९०६ चा निकाल महत्त्वाचा. तंबाखू व्यापारातल्या मक्तेदारीच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा अधिकार माणसाला आहे, कंपनीला नाही. तिच्या वह्या मागवता येतात, फक्त मागणी वाजवीपेक्षा व्यापक नको. म्हणजे कंपनीकडून कागद मागता येतात की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिटला. कोणत्या कोर्टाने मागायचे, हा उरला.

राज्यांच्या कोर्टांकडे त्यावर जुना उपाय होता: एका कोर्टाने दुसऱ्याला विनंतिपत्र पाठवायचे किंवा कमिशन काढायचे, म्हणजे तिथे जबानी घ्यायला कोणाला तरी नेमायचे. मग दुसऱ्या राज्यात वकील नेमा, अर्ज करा, तारीख घ्या. हे सोपे व्हावे म्हणून राज्यांनी स्वीकारण्याजोगे नमुना कायदे १९२० मध्ये आणि १९६२ मध्ये तयार झाले, पण कोणी एक स्वीकारला, कोणी दुसरा, कोणी दोन्ही टाळले. फौजदारी खटल्यांतल्या परराज्यातल्या साक्षीदारांसाठी १९३१ मध्ये वेगळा नमुना कायदा आला, तो १९३६ मध्ये सुधारला गेला आणि त्याची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये मान्य केली. त्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने साक्षीदार महत्त्वाचा असल्याचा दाखला द्यायचा. मग साक्षीदाराच्या राज्यातल्या न्यायाधीशाने सुनावणी घेऊन, साक्ष गरजेची आहे का आणि त्याला फाजील त्रास होतो का ते पाहून हुकूम काढायचा. या कायद्याकडे पुढे परत यावे लागेल.

दिवाणी बाजूला खरा बदल २००७ चा. त्या वर्षीच्या आंतरराज्य जबानी आणि पुरावाशोध नमुना कायद्याने सगळी रीत कारकुनाच्या टेबलावर आणून ठेवली. आपल्या राज्याचा सबपीना घ्यायचा, कागद ज्या काउंटीत, म्हणजे राज्यातल्या ज्या प्रशासकीय विभागात, हवेत तिथल्या कोर्टाच्या कारकुनाकडे द्यायचा, तो त्याच अटींचा स्थानिक सबपीना काढून देतो. न्यायाधीशापुढे जायला नको, तिथला वकील लावायला नको. मात्र कंपनीने हरकत घेतली तर ती ऐकायची तिथल्या कोर्टाने आणि तिथल्याच नियमांनी. हे शेवटचे वाक्य वाचणारे घाईत ओलांडतात, पण पुढचा वाद तिथेच पेटला. बहुतेक सगळ्या राज्यांनी हा कायदा घेतला. कॅलिफोर्नियात तो थोड्या बदलांसह १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. नमुन्यात ‘फॉरेन’ म्हणजे फक्त दुसरे राज्य असताना कॅलिफोर्नियाने त्यात परदेशही घातले, म्हणजे शब्दाचा गुंता आणखी एका गाठीने वाढला.

संघीय कोर्टांत याच सुमारास साफसफाई झाली. आधी खटला एका जिल्ह्यात आणि कागद दुसऱ्यात असले की सबपीना दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टाच्या नावे काढावा लागे. १९९१ पासून वकीलच तो सही करून काढत, म्हणजे ज्या कोर्टाला खटल्याची गंधवार्ता नाही त्याचे नाव वकिलाने मथळ्यावर टाकायचे. डिसेंबर २०१३ पासून सबपीना खटला चालणाऱ्या कोर्टाचाच निघतो आणि देशभर बजावता येतो. पालनाचे ठिकाण मात्र १०० मैलांच्या आतच. बजावणी देशभर, सक्ती हद्दीपुरती: या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नियमातच लिहून टाकल्यामुळे संघीय बाजूला गोंधळ कमी झाला. राज्यांच्या कायद्यांत ते इतके स्पष्ट लिहिलेले नव्हते, आणि त्याची किंमत व्हर्जिनियात दिसली.

अलेक्झांड्रियातल्या कार्पेट धुणाऱ्या एका कंपनीची तक्रार होती की इंटरनेटवरच्या एका प्रसिद्ध रिव्ह्यू साइटवर तिच्याविरुद्ध लिहिणारे सात जण तिचे ग्राहकच नाहीत. तिच्या ग्राहकांच्या नोंदींशी त्यांचा मेळ बसत नव्हता. तिने २०१२ मध्ये अज्ञात लेखकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यांची ओळख पटवणाऱ्या नोंदींसाठी साइटच्या कंपनीवर सबपीना काढला. साइटची कंपनी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोला. सबपीना बजावला तो तिच्या व्हर्जिनियातल्या रजिस्टर्ड एजंटवर. तिने नकार दिला. सर्किट कोर्टाने, म्हणजे दावा चालवणाऱ्या खालच्या कोर्टाने, तिला अवमानाबद्दल ५०० डॉलर दंड आणि १,००० डॉलर वकील खर्च लावला. अपील कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये तो हुकूम कायम ठेवला आणि तो ठेवताना चर्चा केली ती मुख्यतः निनावी बोलण्याच्या स्वातंत्र्याची.

एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळेच रद्द केले, आणि भाषणस्वातंत्र्यावर एक अक्षरही ठरवले नाही. त्याचे म्हणणे साधे होते. परराज्यातल्या कंपनीच्या एजंटवर कागद बजावण्याची मुभा विधिमंडळाने दिली आहे. पण पक्षकार नसलेल्या, राज्याबाहेरच्या कंपनीला राज्याबाहेर असलेले कागद आणून द्यायला लावण्याचा अधिकार कोर्टांना दिल्याचे कुठे दिसत नाही. लिहिणाऱ्यांची माहिती सॅन फ्रान्सिस्कोतल्या ठरावीक कर्मचाऱ्यांच्याच ताब्यात होती. व्हर्जिनियाने २००७ चा नमुना कायदा घेतलेलाच आहे, तर त्या वाटेने कॅलिफोर्नियाला जा.

त्या वेळी बऱ्याच बातम्यांनी हा निनावी लेखकांचा विजय म्हणून रंगवला. निकालात तसे काही नाही. तरीही बातमी अगदीच चुकली असे मला म्हणवत नाही, कारण वाट बदलली की कसोटीही बदलते. व्हर्जिनियाचा २००२ चा कायदा निनावी लेखकाचे नाव उघड करण्यासाठी तुलनेने कमी मागतो: मजकूर बेकायदा असू शकतो, किंवा दावेदाराकडे तसे मानायला प्रामाणिक आधार आहे, एवढे दाखवले की बरेच काम होते. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २००८ मध्ये प्रथमदर्शनी पुरावाच मागितला. शिवाय तिथल्या कायद्यात अशी तरतूद आहे, की परराज्यातल्या खटल्यासाठी काढलेला, निनावी बोलणाऱ्याचे नाव मागणारा सबपीना अशा पुराव्याअभावी रद्द झाला, तर मागणाऱ्याने समोरच्याचा वकील खर्च द्यायचा. म्हणजे ‘शेजारच्या कोर्टात अर्ज करा’ हे सांगणे निव्वळ प्रवासाचे नाही, त्यात दाव्याचे अर्धे भवितव्य बदलते. व्हर्जिनियाचे अपील कोर्ट आणि सर्वोच्च न्यायालय दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, आणि पहिला प्रश्न हद्दीचा होता हे वरच्या कोर्टाने बरोबर ओळखले. एजंटच्या हातात कागद ठेवता येतो म्हणून दोन हजार मैलांवरच्या सर्व्हरवर हुकूम चालत नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच सांगितले होते.

फौजदारी बाजूला मात्र हाच तर्क फार कडू निघतो. फ्लोरिडात मद्य पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांत श्वास तपासणाऱ्या यंत्राचा आकडा हाच मुख्य पुरावा असतो. ते यंत्र बनवणारी कंपनी केंटकीतल्या ओवेन्सबरोची. यंत्राच्या आतला सॉफ्टवेअर सोर्स कोड आरोपींच्या वकिलांनी मागितला आणि सबपीना कंपनीच्या फ्लोरिडातल्या एजंटवर बजावला. एकाच राज्यातल्या दोन अपील कोर्टांनी उलटसुलट उत्तरे दिली. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वाद मिटवला: कागद हवे असले तरी साक्षीदारांसाठीच्या त्या १९३० च्या दशकातल्या कायद्यानेच जायचे. दाखला इथे, सुनावणी तिथे. पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या, पगारातून वकिलाची फी भरणाऱ्या आरोपीने केंटकीत जाऊन, एका यंत्राचा कोड आपल्या बचावाला का गरजेचा आहे हे तिथल्या न्यायाधीशाला पटवायचे.

आता याच्या शेजारी पोलिसांची वाट ठेवून पाहावी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच कायदा केला, की राज्यात व्यवहार करणाऱ्या परराज्यातल्या इलेक्ट्रॉनिक संपर्क कंपन्यांनी कॅलिफोर्नियाचे झडतीचे वॉरंट ठरलेल्या मुदतीत पाळायचे, आणि कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांनी दुसऱ्या राज्याचे वॉरंट आपल्याच कोर्टाचे समजून पाळायचे. फ्लोरिडासह इतर राज्यांनी त्याच धर्तीचे कायदे केले. २०१८ च्या संघीय कायद्याने तर माहिती देशाच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्नच अशा वॉरंटपुरता निकालात काढला. सरकारी पक्षासाठी सर्व्हर कुठे आहे हे महत्त्वाचे राहिले नाही, आरोपीसाठी मात्र राहिले. त्यातच १९८६ च्या संघीय कायद्याची भर: संदेशातला मजकूर सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून सरकारला वॉरंटवर मिळतो, खासगी पक्षकाराला साध्या सबपीनावर मिळत नाही. प्रत्येक तरतुदीमागे तिचे स्वतंत्र आणि रास्त कारण आहे. पण सगळ्या एकत्र ठेवल्या की तराजू कुणीकडे झुकतो हे सांगायला वकील लागत नाही.

रजिस्टर्ड एजंटचा प्रश्न अलीकडे पुन्हा उघडला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की राज्याशी संबंध नसलेला दावाही कंपनीवर चालवायचा असेल, तर तो ती जिथे ‘घरी’ आहे तिथेच चालेल. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये, बनावट हँडबॅगांच्या एका खटल्यात, तिथे शाखा असलेल्या एका चिनी बँकेवरच्या सबपीनालाही हीच कसोटी लागली. मग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२३ चा निकाल आला. व्हर्जिनियाच्या एका रेल्वे कामगाराने आपल्या कॅन्सरबद्दल व्हर्जिनियाच्याच रेल्वे कंपनीवर दावा लावला तो पेनसिल्व्हेनियात. कंपनीने आमच्याकडे नोंदणी केली म्हणजे आमच्या कोर्टांचा अधिकार मान्य केला, असे पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो, आणि तो कायदा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला.

व्हर्जिनियाच्या २०१५ च्या निकालाचा पाया नेमका याच्या उलट होता: नोंदणी म्हणजे सबपीनाला संमती नव्हे. दोन्ही निकाल एकाच वेळी उभे राहू शकतात, कारण एकात पक्षकार कंपनी आहे आणि दुसऱ्यात त्रयस्थ, आणि पेनसिल्व्हेनियासारखा स्पष्ट मजकूर बहुतेक राज्यांच्या कायद्यात नाही. पण एखाद्या विधिमंडळाने तो मजकूर लिहायचे ठरवले आणि त्यात ‘सबपीना’ हा शब्दही घातला, तर त्या राज्यापुरती कारकुनाच्या टेबलावरची ती वाट सक्तीची उरणार नाही. तोवर दिवाणी वकील सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटी कोर्टासाठी फॉर्म भरतो, आणि फ्लोरिडातल्या आरोपीचा वकील आपल्या न्यायाधीशाकडून दाखला घेऊन केंटकीच्या तारखेची वाट पाहतो.